टेपने सोडवलेला ट्रक

दुपारी तीनला त्या बाईंचा फोन आला. महिनाभरापूर्वी मी त्यांच्या घरी सामानाचा सर्व्हे करून घर हलवण्याचा दर दिला होता. तो जास्त वाटला (होताच थोडा जास्त) म्हणून त्यांनी दुसरीकडे बुकिंग केलं. आता सामान ट्रकमध्ये चढलं होतं, कुलूप लागलं होतं आणि सुपरवायझर ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट मागत होता. ‘माप जास्त निघालं’ एवढंच त्याचं म्हणणं.

माझ्या यादीत ५२० घनफूट होते, तो ९०० सांगत होता. मी तिथे जाऊन ट्रकच्या हौद्याला टेप लावला. आतून लांबी १७ फूट, रुंदी ६, उंची ७, म्हणजे ७१४ घनफूट. छतापर्यंत ठासला तरी त्या ट्रकमध्ये ९०० मावतच नाहीत! फाळका उघडायला लावला, तर मागचे चार फूट रिकामे. उरलेल्या १३ फुटांचे झाले ५४६, त्यातही पलंग-कपाटांमधली पोकळी धरलेली. सुपरवायझर फोनवर बोलायला म्हणून बाजूला गेला.

पण ट्रक हलेना. खरी गोम ड्रायव्हरने सांगितली : “ताई, मला डिझेलचेसुद्धा पैसे मिळालेले नाहीत. भाडं कोण देणार?” ट्रक कंपनीचा नव्हताच. बुकिंग घेणारा निव्वळ दलाल. अर्धी रक्कम डिपॉझिट म्हणून त्याने आधीच घेतली होती आणि ट्रक त्याच सकाळी उधारीवर उचलला होता. असा ट्रक अडतो तो बहुतेकदा इथेच.

बाईंकडचे कागद पाहिले. दर फोनवरच दिलेला, घर कुणी पाहिलेलंच नाही. खाली बारीक अक्षरात ‘अंदाजे, प्रत्यक्ष मापानुसार बदल’. त्या एका ओळीवर नंतर कितीही मागता येतं. यादी मोजून दिलेला दर असेल तर त्यावर ‘अंतिम’ लिहून घ्यायचं आणि यादी त्यालाच जोडायची. पावतीवर नुसतं ‘बुकिंग’. किती तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत, याचा पत्ता नाही. आणि पैसे गेलेले कुणाच्या तरी वैयक्तिक बचत खात्यात. दरपत्रक, नोंदणी आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव नसेल तर मी एक पैसाही देऊ देत नाही. गाडी राखून ठेवायला आणि पॅकिंगच्या मालाला दहा टक्के पुरतात. वीसच्या वर मागणाऱ्याला आधी गाडी कुणाची आहे ते विचारावं. मोठा हप्ता माल उतरून यादीशी ताडून झाल्यावरच. ट्रान्झिट विम्याचे (वाटेतल्या नुकसानीच्या विम्याचे) पैसे वेगळे घेतले असतील तर पॉलिसीचा कागद आपल्या नावाचा हवा. बाईंकडे विम्याचीही पावतीच होती, पॉलिसी नव्हती.

तोडगा असा निघाला : उरलेल्या रकमेतून ड्रायव्हरचं भाडं थेट त्याला, निम्मं आत्ता, निम्मं माल उतरल्यावर. बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) गाडीचा नंबर, ६४ नगांची यादी आणि मिळालेली रक्कम लिहून त्याची सही घेतली. ट्रकच्या मालकाशीही बाईंचं फोनवर बोलणं करून दिलं. डिपॉझिटसाठी बाईंनी त्याच संध्याकाळी बँकेकडे आणि पोलिसांकडे अर्ज दिला, सोबत दरपत्रक आणि व्यवहाराचा क्रमांक.

ट्रक सव्वासहाला सुटला. सुपरवायझर त्याआधीच पसार झाला होता, आणि पावतीवरचा नंबर बंद होता.