वजन कधी वाढवायचं? माझा अनुभव

स्क्वॉट कसा करायचा हे दाखवायला जिममध्ये कुणी ना कुणी असतंच. पुढची प्लेट कधी चढवायची, हे मात्र जो तो आपल्या मनाने ठरवतो. कुणी दर आठवड्याला वाढवतो, कुणी शेजारच्याचं बघून वाढवतो, आणि कितीतरी जण वर्षभर त्याच डंबेल्सवर अडकून राहतात. माझं नशीब चांगलं, की सुरुवातीलाच आमच्या ट्रेनर मॅडमनी माझ्या हातात एक वही दिली आणि म्हणाल्या, "वजन तुम्ही वाढवायचं नाही आणि मीही नाही. ही वही सांगेल तेव्हा वाढवायचं."

पहिले काही आठवडे त्यांनी मला मुद्दाम हलकं ठेवलं. सेट संपल्यावर अजून तीन-चार रेप्स आरामात निघतील, एवढंच वजन. (रेप म्हणजे व्यायामाची हालचाल एकदा पूर्ण करणं, आणि न थांबता सलग केलेल्या रेप्सचा एक सेट.) मला तर रोज वाटायचं की आज जास्त जमेल, आणि ते खरंही होतं. सुरुवातीला ताकद भराभर वाढते, पण त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. आहेत तेच स्नायू एकजुटीने कसे वापरायचे हे ती शिकत असते. स्नायू भरायला त्यापेक्षा वेळ लागतो, आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश घट्ट होतात. म्हणजे जोर तयार असतो, सांधा अजून तयार नसतो. या काळात वजन वाढवूच नये असं नाही, मीही वाढवत होते, पण जिममधल्या सगळ्यात छोट्या प्लेट्सनी.

वहीतला हिशेब असा. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, रेप्स ८ ते १२. समजा स्क्वॉटसमोर लिहिलंय "३० किलो: १०, ९, ८". पुढच्या वेळी वजन तेच ठेवायचं आणि कुठल्या तरी सेटमध्ये एखादी रेप वाढते का ते बघायचं. असं करत करत "१२, १२, १२" लिहिलं गेलं, की पुढच्या खेपेला ३२.५. रेप्स पुन्हा आठ-नऊवर येणार, येऊ द्यायच्या, आणि तिथून परत वर चढायचं. काही ट्रेनर दुसरा नियम वापरतात: शेवटच्या सेटमध्ये ठरवल्यापेक्षा दोन रेप्स जास्त निघाल्या, आणि लागोपाठ दोन वेळा निघाल्या, तरच वजन वाढवायचं. तोही चांगला आहे. मला आकडे चढताना बघायला आवडतात, म्हणून मला पहिला मानवला.

पण खरी मेख रेप मोजण्यात आहे. मॅडम शेवटच्या सेटला समोर उभ्या न राहता बाजूला बसायच्या, कारण गडबड बाजूने दिसते. बेंच प्रेसची (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा) बारावी रेप वर जाताना कंबर बाकावरून उचलली गेली, किंवा बारचं डावं टोक आधी आणि उजवं मागून वर गेलं, की त्या शांतपणे म्हणायच्या, "अकरा." स्क्वॉटमध्ये उठताना गुडघे आत वळले तरी तेच. रेप संथ झाली तर हरकत नव्हती, शेवटच्या रेप्स संथ होणारच. तिचा आकार मात्र पहिल्या रेपसारखाच हवा. आता मी एकटी व्यायाम करते तेव्हा फोन बाजूला टेकवून शेवटच्या सेटचा व्हिडिओ घेते आणि बघूनच वहीत आकडा लिहिते.

किती वाढवायचं, यावर मात्र मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ साली दिलेल्या शिफारशींमध्ये २ ते १० टक्के म्हटलं आहे. वाचायला सोपं, पण हातात प्लेट घेतल्यावर अवघड. बहुतेक ठिकाणी सगळ्यात छोटी प्लेट १.२५ किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की २.५ किलो. ५० किलोच्या स्क्वॉटवर ही वाढ ५ टक्के होते, अगदी योग्य. तीच २० किलोच्या शोल्डर प्रेसवर साडेबारा टक्के. आणि ५ किलोच्या डंबेलवरून थेट ७.५ उचललं, तर एकदम ५० टक्के! स्क्वॉट आणि डेडलिफ्ट सरसर वाढतात आणि खांद्याचे व्यायाम रखडतात, त्याचं अर्धं कारण या गणितात आहे. अनेक बायका शोल्डर प्रेसला "मला जमतच नाही" म्हणून सोडून देतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. जमत असतं, उडीच फार मोठी असते.

मी त्यावर काय केलं? १२ रेप्सवर न थांबता १५ पर्यंत गेले. मग पहिला सेट नव्या वजनाचा आणि उरलेले दोन जुन्या वजनाचे, असं काही दिवस चालवलं. खाली आणताना मनात तीन आकडे मोजत सावकाश आणलं. शेवटी अर्ध्या किलोच्या प्लेट्स घेतल्या, आणि खांद्यांसाठी त्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

ही पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे कमजोर झालेले पाय असेच वजन चढवत नेऊन बळकट केले आणि १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिला. जेमतेम दहा रेप्स निघतील असं वजन शोधायचं, ते सोपं झालं की वाढवायचं. पुढे त्यांनी दहा-दहा रेप्सचे तीन सेट सुचवले: पहिला त्या वजनाच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण वजनावर. माझे वॉर्मअपचे सेट आजही साधारण याच चढणीने जातात.

वही "वाढव" म्हणत असूनही मी थांबते, असे दिवस असतात. रात्री झोप झाली नसेल तेव्हा. सांध्यात एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल तेव्हा. व्यायामानंतर स्नायू ठणकतात ते वेगळं, ते एक ते तीन दिवसांत जोर करतं आणि ओसरतं. आणि एकाच वजनावर दोन-तीन खेपा रेप्स पुढे सरकल्याच नाहीत, तर १० टक्के उतरवून पुन्हा चढायला लागते. आजारपणाने खंड पडला तर त्याहूनही जास्त उतरवते. गेलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते, त्यामुळे जुन्या आकड्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागत नाही. नियम तोच ठेवते, तीन्ही सेट १२.