वापरलेलं इंजिन, तपासलेलं इंजिन : आमची वाटचाल

आमचा धंदा जुन्या मॉडेल रेल्वेचा, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या प्रतिकृतींचा. इंग्लंडमध्ये स्विंडनला आम्ही दोघं नवराबायको आणि दोन सहकारी ऑनलाइन लिलावांतून वापरलेली इंजिनं, डबे, रूळ विकत घेतो, तपासून दुरुस्त करतो आणि पुन्हा विकतो. नवा माल ठेवत नाही. सोलापूर जिल्ह्यातला माणूस या धंद्यात कसा शिरला, हे नात्यातली माणसं अजून विचारतात. त्यांच्यासाठी आणि हा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहून काढलं आहे.

मी कुर्डुवाडीचा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १८९७ साली तिथून सुरू झाली. त्या गाड्यांची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात व्हायची आणि दादा, म्हणजे माझे वडील, तिथे फिटर होते. मी कॉम्प्युटरच्या नोकरीवर इकडे आलो आणि योगायोगाने रेल्वेच्याच गावात घर मिळालं. स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘ईव्हनिंग स्टार’, १९६० साली इथूनच बाहेर पडलं. १९८६ मध्ये कारखाना बंद झाला. आज त्या इमारतींत कपड्यांची दुकानं आहेत आणि रेल्वेचं संग्रहालय आहे.

माल येतो कुठून, हे आधी सांगायला हवं. हॉर्नबी डब्लो या नावाची मॉडेल रेल्वे १९३८ साली लिव्हरपूलहून बाजारात आली. ट्राय-अँग या दुसऱ्या कंपनीचा मॉडेल रेल्वेचा कारखाना १९५४ मध्ये इंग्लंडमधल्याच मार्गेटला गेला आणि पुढे प्लॅस्टिकमुळे हा खेळ सामान्य घरांत पोहोचला. पन्नास-साठच्या दशकांत ज्या मुलांनी त्या गाड्या हट्टाने मागून घेतल्या, ती मुलं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. कुणी वृद्धाश्रमात जातं, कुणी निवर्ततं, आणि पोटमाळ्यावरच्या पेट्या खाली येतात. त्यांच्या मुलांना त्यातलं काही कळत नाही. ती दोन-चार फोटो काढतात, ‘तपासलेलं नाही’ असं लिहितात आणि लिलावात टाकतात. त्या दोन शब्दांवर आमचा धंदा उभा आहे. ज्याची तपासणी कुणी केलेली नाही, ते आम्ही तपासतो आणि जसं आहे तसं लिहून विकतो.

खरेदीतलं मुख्य काम फोटो वाचणं. विक्रेत्याच्या वर्णनात ‘दुर्मीळ’ हा शब्द रोज दिसतो, त्याला किंमत नाही. आम्ही बघतो ते चाकांकडे. वरची पितळी पट्टी लखलखीत असली तरी चाकांच्या कडेवर काळा थर असेल तर गाडी भरपूर धावलेली आहे. जोडदांड्या एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला तिरप्या दिसल्या, तर आत आसाची प्लॅस्टिकची बुशी तडकली असण्याची शक्यता मोठी. दोन बाजूंच्या क्रँकमध्ये नव्वद अंशांचा फरक लागतो, खऱ्या इंजिनात आणि या वीतभर इंजिनातही. दादांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली ही गोष्ट रोज उपयोगी पडते. खोक्यावरचा नंबर आणि आतल्या इंजिनाचा नंबर जुळतो का, हेही बघतो. बफर, पायऱ्या, व्हॅक्युमचा पाइप अशा बारीक वस्तू जाग्यावर आहेत की तुटल्यात, तेही. शीर्षकात कंपनीचं नाव चुकीचं लिहिलेला माल शोधणाऱ्यांच्या यादीत येत नाही, म्हणून आम्ही चुकीची स्पेलिंगं घालूनही शोधतो. चांगले लॉट असे मिळाले आहेत.

बोलीचा आमचा नियम साधा आहे. ईबेसारख्या ठिकाणी आपण कमाल रक्कम सांगून ठेवायची, यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा आपली कमाल साठ पौंड आहे आणि दुसऱ्याची बेचाळीस. मग माल त्रेचाळीसच्या आसपास पडतो. शेवटच्या दहा सेकंदांत झुंबड उडते, तेव्हा डोकं शांत राहत नाही, म्हणून आकडा आदल्या दिवशी ठरतो आणि नंतर बदलत नाही. तो ठरवताना उलटं मोजायचं. दुरुस्त झाल्यावर वस्तू कितीला जाईल? त्यातून साइटची फी, टपाल, सुटे भाग आणि कामाचे तास वजा करायचे. उरेल ती बोली. लिलावगृहांच्या ऑनलाइन विक्रीत आणखी सावध राहावं लागतं. तिथे हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाची फी लागते, अनेक ठिकाणी शेकडा वीस-पंचवीस, आणि त्या प्रीमियमवर व्हॅट, म्हणजे इथला विक्रीकर. शंभराची वस्तू सव्वाशेच्या आसपास किंवा पुढे जाते.

पार्सल आलं की ते गोव्याच्या आमच्या सहकाऱ्याच्या टेबलावर जातं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत, बसमध्येसुद्धा कोकणी कानावर पडते. हे गृहस्थ आमच्याशी कोकणी-मराठी मिसळून बोलतात, आणि सोल्डरचा डाग द्यावा तर त्यांनीच. इंजिन फोमच्या खाचेत पालथं ठेवतात. वीज लगेच देत नाहीत. आधी चाकं बोटाने फिरवून बघतात, कारण चाळीस वर्षांपूर्वीचं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, आणि तशात मोटर चालवली तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळतं. ट्राय-अँगची जुनी एक्स-झीरो-फोर मोटर असेल तर ब्रशच्या, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या, स्प्रिंगकडे नजर जाते. स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. मागे कुणी हौसेने मोटर उघडली असेल तर हमखास तीच हरवलेली असते, आणि तिच्याविना सरळ शॉर्टसर्किट होतं. मग कम्युटेटर, म्हणजे ब्रश टेकतात तो तांब्याचा भाग, पुसायचा, त्याच्या फटींतली कार्बनची पूड टोकदार काडीने काढायची, तेलाचा एकेक थेंब द्यायचा, आणि मगच हळूहळू बारा व्होल्टपर्यंत जायचं. मोटर गरम होते आणि ओढ नाही, असं दिसलं तर लोहचुंबक अशक्त झालेला असतो. त्याला पुन्हा चुंबकत्व देता येतं, त्याचं यंत्र आमच्याकडे आहे.

जे दुरुस्त होत नाही त्याचं नाव मझॅक. जस्ताच्या या मिश्रधातूत ओतताना शिशाचा अंश राहिला तर वर्षांनंतर धातू आतून फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि चासी, म्हणजे इंजिनाचा खालचा सांगाडा, केळ्यासारखी वाकते. युद्धापूर्वीच्या ओतकामात हे आढळतं आणि अलीकडच्या काही मॉडेलांतही. बाहेरून रंग शाबूत असतो. फोटोत फक्त एवढंच कळतं की इंजिनाचं टोक किंचित उचललेलं आहे किंवा बॉडी चासीवर नीट बसलेली नाही. असं इंजिन आम्ही चालू म्हणून कधीच विकत नाही. चाकं, मोटर, बॉडी वेगळी करतो आणि ‘सुटे भाग’ म्हणून स्पष्ट लिहितो.

वर्णन लिहिणं हे आम्ही दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं मानतो. कोणत्या रुळावर, कोणत्या कंट्रोलरवर (रुळाला वीज देऊन वेग कमी-जास्त करणारं यंत्र), पुढे-मागे किती वेळ चालवलं, काय बदललं, काय तुटलेलं आहे, हे प्रत्येक वस्तूसोबत जातं. तीन रुळी डब्लो दोन रुळांवर चालत नाही, हे तर ठळक अक्षरांत. जो माणूस आठशे मैलांवरून फक्त फोटो बघून पैसे पाठवतो, त्याला वस्तू हातात घेतल्यासारखी कळली पाहिजे. परत येणारा माल त्यामुळे फार थोडा आहे.

हिशेब सौभाग्यवती बघतात. इथे वापरलेल्या मालासाठी व्हॅटची मार्जिन योजना आहे. चाळीसला घेतलेली वस्तू सत्तरला विकली तर कर तीस पौंडांच्या फरकावर, त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच पौंड. दुरुस्तीचा खर्च मात्र त्या फरकातून वजा करता येत नाही. या योजनेसाठी प्रत्येक वस्तूची खरेदी-विक्री स्टॉकबुकात स्वतंत्र लिहावी लागते, आणि त्या ते रोजच्या रोज लिहितात, म्हणून आम्ही निर्धास्त बोली लावू शकतो.

काळ सोपा नाही. १९४६ मध्ये लिव्हरपूलला सुरू झालेलं हॅटन्स हे मॉडेल रेल्वेचं दुकान २०२४ मध्ये बंद झालं. बर्मिंगहॅमला भरणारं वॉर्ली क्लबचं मॉडेल रेल्वेचं राष्ट्रीय प्रदर्शन २०२३ नंतर थांबलं. नव्या इंजिनांच्या किमती तरुणांच्या आवाक्याबाहेर चालल्या आहेत. मला वाटतं, याच कारणाने वापरलेल्या मालाची गरज वाढते आहे. वीस पौंडांत नीट चालणारं इंजिन मिळालं तर एखादा मुलगा या छंदात टिकतो.

एक इंजिन मात्र आम्ही विकायला काढलं नाही. एका मिश्र लॉटमध्ये पांढऱ्या धातूच्या किटमधून जुळवलेलं छोटं नॅरोगेज इंजिन निघालं, पुढे भला मोठा दिवा. स्टॅफर्डशरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचं ते मॉडेल. १९०४ साली सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडलेल्या त्या अडीच फुटी रेल्वेचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच गृहस्थ. बार्शीला वापरलेल्या कल्पना त्यांनी इंग्लंडच्या डोंगरात आणल्या. त्याचा फोटो दादांना पाठवला तेव्हा त्यांनी दिव्याकडे बोट करून बाकी सगळं सांगितलं.

अलीकडे पुण्या-मुंबईहून विचारणा येते. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इथली वीज भारताप्रमाणेच २३० व्होल्टची आहे, त्यामुळे अलीकडचा ब्रिटिश कंट्रोलर प्लग बदलून चालतो. जुने, वायरीचं रबर कडक होऊन तडकलेले कंट्रोलर मात्र आम्ही भारतातच काय, कुठेच पाठवत नाही. ते मोडीत काढतो. सीमाशुल्क घेणाऱ्याला भरावं लागतं, तेव्हा टपालखर्च धरून हिशेब करून मगच मागवा. पहिलंच इंजिन घेणार असाल तर ओओ गेजचं (ब्रिटनमधलं मॉडेल रेल्वेचं नेहमीचं माप), दोन रुळी, साधं डीसीवर चालणारं टाकी इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं, मागा. त्याचे ब्रश आणि चाकांचे टायर आमच्याकडे कायम असतात, आणि पार्सलमध्ये एकेक जादा जोड आम्ही घालतोच.