एक गाव, दोन पाटील

क्लॅश ऑफ क्लॅन्स ह्या गाव बांधायच्या अन् लुटायच्या मोबाईल गेमचं अकाउंट आमच्या घरात एकच, खेळणारे दोघं: पोरगा अन् पुतणी. तिनं आपल्या मोबाईलवर गाव उघडलं की ह्याचा गेम तिथंच तुटतो. लातूरचं ऊन असलं की लेकरांना बाहेर पाठवायची सोय नाही, मग दिवसभर हेच. आज तिनं भिंतींसाठी साठवलेलं सोनं ह्यानं तोफेत घातलं.

"दादा, कशाला हात लावायलास रे?"

आई म्हणाली, "वाटण्या करून टाका." दुसरं अकाउंट फुकटात निघतं, पण टाउन हॉल (गावाची मुख्य इमारत) नऊ लेव्हलला नेलेलं गाव सोडायला कुणीच तयार नाही. (जमिनीचंही असंच असतंय म्हणा.) शेवटी ठरलं, बांधकाम तिचं, हल्ले ह्याचे. मग हल्ल्यात लुटलेलं सोनं कुणाचं, ह्यावरून जेवताना पुन्हा जुंपली.