चिरुटाला मानवणारी हवा

एप्रिलच्या दुपारी नाशिकच्या गच्चीवर पापड बघता बघता कडकडीत होतात. सिगारही तशीच वाळते, कपाटात ठेवली तरी. फक्त तिच्यावर कुणी लक्ष ठेवून बसत नाही. परदेशातून कुणी प्रेमानं आणलेली ती वस्तू महिनाभर शोकेसमध्ये मिरवते, मग एका रात्री पेटवली जाते, चार झुरक्यांत घशात आग होते आणि निकाल लागतो: ‘नाव मोठं, लक्षण खोटं.’ म्हण चांगली आहे, पण इथे ती चुकीच्या आरोपीला चिकटते. बाद ठरलेल्या कितीतरी महागड्या सिगारी मुळात वाईट नसतात. त्या वाळलेल्या असतात, नाहीतर ओढणारा घाईत असतो.

सिगारला आपल्याकडचा जुना शब्द चिरूट. तो तमिळमधल्या ‘सुरुट्टू’कडून आला, अर्थ गुंडाळी. शब्द नेमका आहे, कारण सगळी मेख गुंडाळण्यात आहे. बिडीत तेंदूच्या पानात तंबाखूचा चुरा भरतात. चांगल्या सिगारच्या पोटात लांब, अख्खी पानं असतात. त्यांना आवळून धरणारं एक मधलं पान, आणि सगळ्यांवर रॅपर, म्हणजे बारीक शिरांचं, पातळ, देखणं पान. पोटातली पानंही एका स्वभावाची नसतात. झाडाच्या तळाकडचं वोलाडो नीट जळतं, मधलं सेको सुगंध देतं, शेंड्याकडचं लिहेरो जाड, जहाल आणि हळू जळणारं. म्हणून वळणारा लिहेरो बरोबर मध्यभागी ठेवतो. ते बाजूला सरकलं की सिगार एका अंगानं जळायला लागते. सिन्नरला आयुष्यभर बिड्या वळलेल्या बाईच्या हातात सिगार दिली, तर नाव-गाव न विचारता ती बोटांनी चाचपून सांगेल, वळण कुठे सैल आहे ते.

सांतियागो दे क्युबा आणि नाशिक, दोन्ही शहरं २० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. पण तिथे चहूकडून समुद्र आणि इथे सह्याद्रीच्या अलीकडचं पठार. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. नाशिकला उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, म्हणजे दोन्ही टोकं आपल्याच घरात. यावर मोठा खर्च लागत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ६५ टक्क्यांवर ओलावा राखणारी तयार पुडी पुरते. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायची पेटी, दिसायला छान, पण नाशिकच्या मे महिन्यात त्याचं झाकण जरा जरी सैल असलं तरी त्याचा उपयोग पानदानाइतकाच. त्याला आतून लावलेलं ‘स्पॅनिश सीडर’ स्पॅनिशही नाही आणि सीडरही नाही. ते झाड कडुलिंबाच्या कुळातलं आहे. आजीनं धान्यात कडुलिंबाचा पाला घातला होता, ते अगदीच वेगळं शास्त्र नव्हतं म्हणायचं.

डब्यातल्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या बुचात मीठ घ्यावं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करावं (विरघळू द्यायचं नाही), आणि मीटरसकट झिपच्या पिशवीत ८ तास बंद ठेवावं. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर मीटर ५ नं कमी दाखवतो, पुढे तेवढे मिळवत जावे.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे तंबाखूतला किडा. पानात झोपलेली त्याची अंडी २४-२५ अंशांच्या वर जागी होतात, आणि आपल्या कपाटात त्या दिवसांत सहज ३२ असतात. रॅपरवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली की समजावं. अशा वेळी हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. पायऱ्या गाळल्या तर रॅपर तडकतं. एरवी मात्र फ्रिज वर्ज्य: तो वाळवतोही आणि लसणाच्या चटणीचा वासही लावतो. पावसाळ्यात पांढरी पूड दिसली तर ‘हा तर उत्तम मुरल्याचा मोहोर’ असं सांगणारे भेटतात. द्राक्षबागेत भुरी पाहिलेला माणूस या भूलथापेला फसणार नाही. केसाळ, ठिपक्याठिपक्यांची असेल तर ती बुरशीच. पेटवायच्या टोकाकडून आत शिरली असेल तर सिगार सरळ टाकून द्यावी.

वाळलेली सिगार परत आणता येते, पण सावकाश, दोन ते चार आठवड्यांत. घाईनं ओलावा दिला तर पोटातली पानं फुगतात आणि वरचं पान उसवतं. उडालेली सुगंधी तेलं मात्र परत येत नाहीत.

आता प्रत्यक्ष परीक्षा. वेळ निवडायची तर दिवाळीनंतरची संध्याकाळ, वारा पडलेला, गच्ची किंवा अंगण. खोलीत बसायचं असेल तर पंखा बंद. पंख्याखाली सिगार एका बाजूनं पळते आणि दोष तिच्या माथी येतो. सकाळची तर्रीदार मिसळ जिभेवर असेपर्यंत वाट पाहावी. रिकाम्या पोटीही नको, तंबाखू लागते: घाम फुटतो, मळमळतं, आणि मग चमचाभर साखर शोधावी लागते. सिगारचा धूर आम्लारी असल्यानं निकोटीन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात जातं; म्हणूनच तो छातीत ओढायचा नसतो. छातीत नाही घेतला म्हणून तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हेही ज्याला परीक्षक व्हायचंय त्यानं ठाऊक ठेवूनच बसावं. जीभ धुवायला साधं पाणी. उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन सोबतीला सुंदर लागते, पण मग सिगारच्या वाट्याचे गुण वाइनला जातात.

कानाशी धरून चुरचुर ऐकू नये. त्यातून रॅपरला चिरा पडण्यापलीकडे काही कळत नाही. पेरू निवडताना दाबतो तितक्याच हलक्या हातानं पायापासून (पेटवायचं टोक) डोक्यापर्यंत (ओढायचं टोक) चाचपावं. मऊ जागा म्हणजे तिथे गरम, भसाभस जळणार. गाठ लागली म्हणजे ओढ अडणार. मग टोपी, म्हणजे डोक्यावर चिकटवलेला पानाचा तुकडा, कापायची, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. टोपीच्या रेषेखाली पातं गेलं की रॅपर उलगडतं, आणि सर्वात जास्त सिगारी बिघडतात त्या इथेच. कापल्यावर न पेटवताच एकदा ओढून पाहावं. उसाचा रस नळीनं ओढावा तेवढा विरोध ठीक. घट्ट लस्सीसारखा असेल तर आत गुठळी आहे.

पेटवताना ज्योत टेकवायची नाही. पाव इंच खाली धरून सिगार फिरवत पाय सगळीकडून सारखा लाल करायचा, भाकरी निखाऱ्यावर फिरवतात तसा. पेट्रोलचा लायटर नको, वास बसतो. काडी असेल तर गंधक जळून जाऊ द्यावं. पुढे मिनिटाला एक झुरका, बस. बिडीला सरावलेला हात इथे चुकतो: बिडी सारखी ओढली नाही तर विझते, सिगार सारखी ओढली तर तापते, आणि तापली की कडू होते. राखही झटकायची नाही. लांब पानांची सिगार इंचभर राख सांभाळते आणि मग आपणहून सोडते.

चवीच्या बाबतीत परदेशी शब्द पाठ करून काही साधत नाही. ‘लेदर’ आणि ‘अर्थी’ म्हटलं की मान डोलते, पण जिभेला काही आठवत नाही. आपल्याला काळ्या मसाल्यासाठी भाजलेलं खोबरं ठाऊक आहे, दगडफुलाचा मातकट वास ठाऊक आहे, काकवी, भाजके शेंगदाणे, सुंठ, जायफळ, निफाडकडची मनुका, गोठ्यातला कडबा, सगळं ठाऊक आहे. सिगारमध्ये यातलं खूप काही सापडतं. थोडा धूर हळूच नाकातून सोडला की मिरी आणि सुंठ वेगळी होतात, जिभेला ती एकच ‘तिखट’ वाटत होती. गोठ्याचा मात्र भेद करावा: कडबा चांगला, गोमूत्राचा झणका वाईट. तो अमोनियाचा असतो, म्हणजे तंबाखू पुरती आंबलेली नाही. अशी सिगार डब्यात काही महिने विसरून जावी. आणि काळं रॅपर म्हणजे जहाल, हा समज सोडून द्यावा. मादुरो, म्हणजे हे काळं रॅपर, जास्त काळ आंबवल्यानं काळं होतं, बऱ्याचदा त्यात गोडवाच अधिक. जहालपणा पोटातल्या लिहेरोवर ठरतो.

पाच इंच लांब, ५० रिंगची सिगार, म्हणजे रोबुस्टो (रिंग म्हणजे इंचाचा ६४वा भाग, तेव्हा जाडी जवळजवळ २० मिलिमीटर) पाऊण-एक तास चालते. तिचे तीन भाग धरून प्रत्येकाला वेगळी ओळ लिहावी. पहिला बहुधा बोलका, दुसऱ्यात खरा स्वभाव कळतो. तिसरा भाग सगळ्यांचाच गरम आणि भारी होतो, त्यावरून शिक्षा देऊ नये. गुणांच्या तक्त्यांत रूप आणि बांधणीला कमी, चव आणि एकूण समाधानाला जास्त वजन असतं, ते बरोबरच आहे. पण राख किती लांब टिकली यावर गुण देणाऱ्यांचं मन मोठं आणि जीभ लहान असते.

एक बाजू मागे राहिली तर मागे राहिलेलं अंग खाली करून धरावं, बहुतेकदा ते आपणच पुढच्याला गाठतं. बोटांना आच लागायला आली की थांबावं. ती चेपून विझवायची नाही, त्यातून खोलीभर वास उठतो. राखदाणीत आडवी ठेवली की दहा मिनिटांत आपणहून विझते. आता पंखा लावायला हरकत नाही.