पॉइंट जपून वापरायचे दिवस

आज बेळगावात दिवसभर पाऊस. शहापूरच्या घरी पुतण्याला डायब्लो २ हा जुना कॉम्प्युटर गेम लावून दिला. खेळायला बार्बेरियन हे रानटी लढवय्याचं पात्र घेतलं पठ्ठ्यानं. लेव्हल वाढली की ताकद-चपळाई वगैरेसाठी ५ पॉइंट, कौशल्यासाठी फक्त १. त्यानं दिसेल तिथं एकेक उडवला आणि पुढं मार खायला लागला. “काका, चुकलं की ओ, परत घ्या की पॉइंट!”

२०००मध्ये गेम आला तेव्हा अशी सोय नव्हती. व्हर्लविंड हे गरगर फिरत मारायचं कौशल्य ३०व्या लेव्हलला उघडतं, तोवर आम्ही पॉइंट साठवायचो. माझ्या चौकटीच्या वहीत अजून पेन्सिलीच्या खुणा आहेत, एका कौशल्याला २० घरं. २०१०च्या पॅचनंतर, म्हणजे गेममधल्या सुधारणेनंतर, त्यातली अकारा नावाची बाई पॉइंट परत करायला लागली. बरंच झालं.

तरी मन पहिल्या डायब्लोवरच. तिथं एकातून पुढचं उघडत जाणारी कौशल्याची झाडं नाहीत. जादू पुरेशी असली तर योद्धाही पुस्तक वाचून मंत्र शिकतो. तेच पुस्तक पुन्हा सापडलं तर मंत्र आणखी पक्का होतो. कुठलं पुस्तक हाती लागेल, त्यावर गडी घडायचा. डायब्लो ३मध्ये ताकद आपोआप वाढते, तिथं माझा जीव कधी रमला नाही.

रात्री पुतण्यानं नवा बार्बेरियन काढला. शेजारी वही उघडून बसलाय.