विकतचा आवाज

बाबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी गाडीखाली उताणा पडलो होतो. बायकोने वाकून फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"काय बिघडलंय रे?"

"काही नाही. सायलेन्सर बदलतोय."

"फुटलाय?"

"नाही."

"मग?"

"याचा आवाज कमी येतो."

साताऱ्यात काही क्षण शांतता पसरली. मग बाबा फक्त एवढंच म्हणाले, "आणि त्याचे पैसे तू देतोयस?" मी नेटवर्कच्या नावाने बोंब मारून कॉल संपवला.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. त्यांच्या चेतकचा सायलेन्सर उतरायचा तो नाइलाज झाला की. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल, त्यामुळे आत काजळी साठत जायची. पार चोंदला की स्कूटर चढाला ओढेना. मग मेकॅनिक तो काढून चांगला भाजायचा, ठोकायचा, आणि काळी भुकटी कागदावर पडायची. निव्वळ आवाजासाठी सायलेन्सरला हात लावणारी पोरं म्हणजे हाताबाहेर गेलेली. बुलेटची पुंगळी काढून फटाके फोडणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस ओळीने मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवतात, त्या बातम्या बाबा मला आवर्जून पाठवतात.

माझी गाडी फोर्डची, २०११ची मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन (इंग्रजी व्हीच्या दोन बाजूंना चार-चार सिलिंडर), ४१२ हॉर्सपॉवर, आणि अर्थातच सेकंडहँड. डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, फोर्डचा फ्लॅट रॉकचा कारखाना इथून जवळच. गाडी तिथलीच, म्हणजे माहेर शेजारच्या गावात. या इंजिनाच्या आवाजात मी का अडकलो याला एक कारण आहे. आठही सिलिंडर धरले तर स्फोट अगदी समान अंतराने होतात. पण एका बाजूचे चारच ऐकले तर ठेका मोडतो: दोन लागोपाठ, मग थोडा दम, मग लांब खंड, पुन्हा थोडा दम. दोन्ही बाजूंचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून निघतो, त्यामुळे तो मोडलेला ठेका कानापर्यंत पोचतो. अमेरिकन व्ही-एटची ती घुमणारी गुडगुड म्हणतात ती हीच. फेरारीच्या व्ही-एटचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, वेगळ्या घडणीचा असतो, तिथे प्रत्येक बाजूचा ठेकाही सरळ पडतो, म्हणून ती किंचाळते. मला गुडगुडच हवी होती. कंपनीच्या सायलेन्सरमधून ती यायची, पण शेजारच्या खोलीत कुणी घोरावं तशी.

मी घेतला तो 'ॲक्सल-बॅक'. म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पलीकडचे दोन सायलेन्सर आणि दोन टोकं, बास. पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातलं विष कमी करणाऱ्या डब्याला, हात लावायचा नाही. तो काढणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि काढला तर वासानेच बायको घराबाहेर काढेल. ताकद वाढते का? जाहिरातीत वाढते.

इंटरनेटवर हे काम तासाभराचं. व्हिडिओतली गाडी बहुतेक ॲरिझोनातली असावी. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीच्या पोटात जाऊन बसतं. क्लॅम्पचा नट नट राहिला नव्हता, लोखंडाचं वारूळ झालं होतं. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं, पान्याला पाइप लावून जोर केला आणि शेवटी ज्या आवाजाने तो सुटला त्याने माझ्या पोटात गोळा आला. तुटला वाटलं. सुटला होता.

खरा छळ मात्र रबराचा. सायलेन्सर गाडीला नटबोल्टने घट्ट बसवत नाहीत, जाड रबरी कड्यांत टांगतात, म्हणजे त्याची थरथर बॉडीत शिरत नाही. बारा हिवाळे काढलेल्या त्या कड्या सळईवरून हलायला तयार नव्हत्या. भांड्यांचं लिक्विड चोळलं, विनवण्या केल्या, कोल्हापुरी शिव्या दिल्या. शेवटी कडी निसटली आणि तो अख्खा सायलेन्सर छातीवर येऊन बसला. अशा वेळी गाडी नुसत्या जॅकवर नसून चार भक्कम स्टँडवर आहे हे आठवून फार बरं वाटतं. ही शिकवण समोरच्या आजोबांची. चाळीसेक वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढलेला माणूस. कॉफीचा मग घेऊन ते आधी स्टँड बघून गेले, मग गुड मॉर्निंग म्हणाले.

सायलेन्सरचं पेटंट शेजारच्याच इंडियाना राज्यातलं. कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी ते १८९७ साली घेतलं. त्यातल्या मिल्टन रीव्ह्जने पुढे १९११मध्ये आठ चाकांची मोटार बनवली, ती कुणी घेतली नाही. लोकांना काय हवंय हे त्याला सायलेन्सरच्या वेळी नेमकं कळलं होतं, आणि ते मी आज उचकटत होतो.

नवे सायलेन्सर चढवायला वीस मिनिटं लागली. क्लॅम्प आधी सैल ठेवायचे, दोन्ही टोकं एका रेषेत आणायची, मगच आवळायचे. टोकं समान नाहीत असं आजोबा रस्त्यापलीकडून तीनदा म्हणाले, आणि तीनही वेळा ते बरोबर होते. बोटांचे तेलकट ठसे स्पिरिटने पुसले. राहिले तर स्टीलवर कायमचे भाजले जातात. किल्ली फिरवली. आधी धूर आला, बायको किंचाळली. तो कारखान्यातल्या तेलाचा, जळून जातो. मग गुडगुड. गॅरेजच्या पत्र्याच्या फळीवरची रंगाची डबी थरथरत कडेला आली.

मी ऐटीत हायवेवर गेलो, आणि तिथे फजिती कळली. १८०० आरपीएमला आठ सिलिंडरचे सेकंदाला १२० स्फोट होतात, आणि ते सगळे पत्र्यातून माझ्या कानशिलात. गुडगुड नाही, नुसती घूं. ठेका सगळा मागे सांडत होता. तो विकत घेतला मी, ऐकणार मागचा टोयोटावाला.

असा आवाज शेजाऱ्यांना किती प्रिय असतो तेही ठाऊक आहे. फोर्डच्याच एका बड्या इंजिनिअरच्या शेल्बी मस्टँगचा आवाज ऐकून शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. त्यातून २०१८च्या मस्टँगला ठरल्या वेळी गुपचूप सुरू व्हायची सोय मिळाली. माझ्या गाडीत ती नाही. माझ्याकडे आजोबा आहेत, आणि त्यांची तक्रार फक्त टोकांच्या रेषेबद्दल.

मग मी बायकोला म्हटलं, तू चालव, मी रस्त्यावर उभा राहून ऐकतो. सकाळपासून तिचं "लोक काय म्हणतील" चालू होतं. "एकच फेरी हं, कुकर लावलाय," म्हणाली.

पहिल्या फेरीला ती हळूच गेली. तरीही अंगावर काटा आला. कोपऱ्यावर वळली तरी ठेका झाडांतून येत राहिला. दुसरी फेरी मी मागितली नव्हती. तिसऱ्या फेरीला तिने दुसरा गिअर जरा जास्तच ताणला. आजोबांनी मग खाली ठेवला. "त्यांना जमतंय," ते म्हणाले. चौथ्यांदा ती थांबेल म्हणून मी हात वर केला, तिनेही हसून हात हलवला आणि वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या, म्हणजे डेट्रॉइटकरांच्या गाड्या मिरवायच्या रस्त्याच्या, दिशेने निघून गेली.

आतून कुकरची तिसरी शिट्टी झाली.