आभाळ भरून आले की जहाजे टिपावीत

स्वच्छ उन्हात नदीकाठावरून टिपलेले मालवाहू जहाज नीटनेटके दिसते, पण त्याचे वजन छायाचित्रात उतरत नाही, आणि मला हवे असते ते वजनच. समोरचा काठ पावसात पुसला गेला की जहाजाखेरीज नजरेला दुसरा आधार राहत नाही आणि त्याचा आकार अंगावर येतो. यात व्यवहारी लाभही आहे. उन्हाने तापलेली हवा थरथरते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून जहाजाच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. ढगाळ दिवशी हा त्रास सहसा होत नाही, शिवाय भिजलेल्या कंटेनरांचे रंग अधिक गडद उठतात.

सूर्यच नसल्यामुळे उभे राहण्याची जागा प्रकाश पाहून नव्हे, तर वारा पाहून निवडावी. पाठीवर वारा घेतला की लेन्सच्या काचेवर थेंब फारसे येत नाहीत. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, अशा दिवशी काढूनच ठेवावा, कारण तो एका स्टॉपहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, आणि वाऱ्याने हलणारा ट्रायपॉड व सरकते जहाज यांमुळे मी शटर शक्यतो १/५०० सेकंदाहून मंद ठेवत नाही. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढला तरी चालेल. दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेली रेघ मात्र सुधारत नाही. धुक्याचा पांढरेपणा कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावे. काळ्या रंगाच्या जहाजाने चौकट भरली, तर उलट करावे. ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहतो, तेव्हा त्याला जहाजाच्या नावाची अक्षरे द्यावीत.

आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० सकल टनांवरील जहाजांना एआयएस, म्हणजे आपले नाव आणि ठिकाण रेडिओवरून आपोआप कळवणारी यंत्रणा सक्तीची असल्याने काय येत आहे हे फोनवर आधीच कळते, तरीही दाट धुक्यात मी कानांवर अधिक विसंबतो. चालते यांत्रिक जहाज फार तर दोन मिनिटांच्या अंतराने चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा देते. त्यानंतर दिवे दिसतात. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजावर डोलकाठीचे दोन पांढरे दिवे असतात, त्यांतला मागचा उंच. ते एका उभ्या रेषेत आले, तर जहाज सरळ आपल्या दिशेने येत आहे, आणि वळणावर ते एकमेकांपासून सुटू लागले, की पुढच्या काही क्षणांत त्याची संपूर्ण बाजू समोर येणार.

रिकाम्या जहाजांची मी विशेष वाट पाहतो. ती पाण्याबाहेर उंच असतात, पुढच्या टोकाचा, एरवी पाण्याखाली असणारा फुगीर भाग (बल्ब) उघडा पडतो, आणि त्यांचे मोठे अंग वारा धरत असल्याने ती नदीतून किंचित तिरकी चालतात. हे तिरकेपण छायाचित्रात उतरले, तर वारा वेगळा दाखवावा लागत नाही.

एक इशारा गांभीर्याने घ्यावा. अरुंद पात्रातून मोठे जहाज जाताना काठाचे पाणी आधी मागे खेचले जाते आणि मग लाट होऊन परतते. पाणी ओसरताना दिसले, की चौकट कितीही जमून आलेली असो, ट्रायपॉड उचलून वर सरकावे.

संगणकावर धुके हटवणारी सोय असते. मी तिला हात लावत नाही. फार तर जहाजाचे नाव वाचता येईल इतकाच, तेवढ्या भागापुरता कॉन्ट्रास्ट वाढवतो.